राजाला मारलेली हाक

आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नाटक होत असे आणि ते दर वर्षी एकच असे. दुसरे बसवावे असे कोणाच्या मनात आले नसेल असे नाही, पण देवाला तेच लागते अशी समजूत होती. ते कधी छापले गेले नाही. पूर्वी गावच्या शाळेवर असलेल्या एका मास्तरांनी ते लिहिले, पुढे त्यांची बदली झाली, आणि नाटक गावाकडे राहिले. मास्तरांचे नाव माझ्या लहानपणीही फार थोड्यांना ठाऊक होते.

नाटक एका राजाचे होते. पहिल्या अंकात राजा झोपत नाही. धान्याची कोठारे लोकांना उघडून देतो, समुद्रात नवा किल्ला बांधायला काढतो, एका दमात सगळ्या दरबाराला हुकूम सोडतो, आणि प्रधान काळजीने काही बोलू लागला की त्याची नक्कल करून लोकांना हसवतो. हा अंक सगळ्यांच्या आवडीचा. तिसऱ्या अंकापासून राजा बोलेनासा होतो. किल्ल्याची एक भिंत कोसळल्याचे निमित्त होते, पण भिंत पुन्हा उभी राहिली तरी राजा उठत नाही. राणी जेवणाचे ताट आणते आणि तसेच परत नेते. शत्रू वेशीपर्यंत येतो. पाचव्या अंकात राजा आपली तलवार राणीच्या पायांशी ठेवतो आणि रिकाम्या हाताने, एकटाच, तटाबाहेर शत्रूच्या दिशेने चालत जातो. तो मरताना कोणाला दिसत नाही.

पालखीला खांदा कोणी द्यायचा हे जसे ठरलेले, तशा आमच्याकडे नाटकातल्या भूमिकाही मानाच्या होत्या. प्रधान एका घराचा, राणी दुसऱ्या घरातल्या पुरुषाची, आणि राजा आमच्या घराचा. आजोबांनी राजा केला, मग वडिलांनी, आणि वडील गेल्यावर माझ्या थोरल्या भावाने. आम्ही त्याला दादा म्हणायचो. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडली आणि खाडीवरची तर हातात घेतली, म्हणजे माणसांना अलीकडून पलीकडे पोचवणारी होडी. तीही आमच्याच घराकडे होती. मी हायस्कूल पुरे केले, तालुक्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. केले, घरातला पहिला पदवीधर झालो, ते सगळे त्या होडीवर. माझे शिक्षण म्हणजे दादाच्या हातांचे घट्टे. पुढचे वाचताना वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे.

नाटकाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरून घडले. देवळासमोर माणूस मेला असे दाखवून लोकांनी तसेच घरी जायचे नाही, असा दंडक होता. राजा मागच्या पडद्यातून बाहेर पडला की देवळाला वळसा घालून खाडीवर जाई, तोंडाचा रंग धुई आणि पाण्याकडे तोंड करून उभा राही. गावातल्या एका घराकडे हाकेचा मान होता. त्या घरचा कर्ता पुरुष देवळाच्या पायरीवर उभा राहून राजाच्या वेषातल्या माणसाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारी. पलीकडून "ओ" आली की नारळ फुटे आणि मग लोक उठत. लहानपणी त्या हाकेच्या वेळी मी आईचा हात घट्ट धरून बसायचो. आधी वडिलांसाठी, मग दादासाठी. ओ येईपर्यंत सगळ्या मांडवात कोणी खोकतसुद्धा नसे.

ऐंशीनंतरची ती वर्षे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि खाडीवर पुलाचे खांब उभे राहू लागले होते. पूल झाला की तर बंद होणार हे सगळ्यांना दिसत होते. दादाला मात्र त्या पावसाळ्यानंतर वेगळाच हुरूप आला. पहाटेच्या आधी तो होडीवर असे आणि जेवायला घरी येण्याचे त्याला सुचत नसे. उतारूंचे पैसे घेईना. बाजाराला जाणाऱ्या कोळणींना तो राजाची भाषणे म्हणून दाखवी आणि त्या हसून बेजार होत. एकदा मी होडीत असताना त्यांच्यातली एक म्हातारी आईचा विषय काढून त्याला म्हणाली, "राजाक पैसे नको, पण राजाची आवस चुलीर काय ठेयतली?"

"आवशीक सांग, पूल झालो तरी लोक माझेच होडयेत बसतले," दादा म्हणाला आणि सगळी होडी हसली. मीही हसलो. त्या दिवसांत तो इतका देखणा दिसत होता की त्याच्याबरोबर चालताना मला अभिमान वाटे. त्या वर्षीचा त्याचा पहिला अंक पाहून म्हातारी माणसे म्हणाली की आजोबांनंतर असा राजा झाला नव्हता. झोपेवाचून लाल झालेले डोळे सगळ्यांनी पाहिले आणि ती भूमिकेची तयारी समजून वाखाणले.

जत्रेच्या तोंडावर हाकेचा मान असलेल्या घरात सुतक आले. त्या घरच्या म्हाताऱ्याचा पुतण्या मुंबईला वारला होता. सुतकात तो देवळाची पायरी चढू शकत नव्हता आणि मान दुसऱ्याला देण्याची सोय नव्हती. जाणत्या माणसांनी बसून ठरवले की या खेपेला हाकेवाचूनच नारळ फोडावा. दादा खाडीवर जाऊन उभा राहिला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की काय, पण तो उभाच राहिला. इकडे नारळ फुटला, लोक उठले, आणि शेवटी प्रधानाचे काम करणारा शेजारी जाऊन त्याला दंडाला धरून घेऊन आला.

पौष महिन्यात दादा बोलेनासा झाला. सुरुवातीला होडीवर जाई, पण मध्येच बांबू टेकवून थांबे आणि प्रवाहात होडी आडवी होई. मग जाईनासाच झाला. पडवीत भिंतीकडे तोंड करून निजलेला असे. पलीकडच्या काठावरून लोक ओरडत, "रे तारयाऽऽ", आणि ती हाक आमच्या अंगणात स्पष्ट ऐकू येई. दादालाही येत असणार. आई त्याच्याजवळ ताट ठेवी आणि थोड्या वेळाने उचलून नेई. ते पाहताना माझ्या अंगावर काटा येई, कारण ते मी दर वर्षी पाहत आलो होतो. होडी एका चुलतभावाने घेतली.

कॉलेजात त्याच दिवसांत आम्हाला शोकनाट्याचा नायक शिकवत होते. आमचे प्राध्यापक फार मन लावून शिकवीत; त्यांच्यामुळे मला वाचायला आले असे मी मानतो. ते सांगत की अशा नायकाच्या स्वभावात एक दोष असतो, आणि त्या दोषापायी तो स्वतःचा नाश ओढवून घेतो. मी ते लिहून घेत होतो. घरी आलो की पडवीतल्या माणसाकडे पाहत बसे. त्याचा दोष कोणता, ते मला सापडत नव्हते.

गावाला मात्र कारण सापडले होते. हाकेचा मान असलेला म्हातारा एक दिवस आमच्या अंगणात येऊन बसला. त्याचे तोंड उतरलेले होते, जणू चूक त्याचीच. आईला म्हणाला, "हाक रवली वैनी, म्हणान राजा रवलो."

हे गावात सगळ्यांना पटले. मलाही ऐकताना थोडे बरे वाटले, कारण राहिलेले काम पुरे करता येते. देवाला गाऱ्हाणे घातले, तांदळाचे दाणे लावून कौल घेतला, आणि उजवा कौल मिळाला. फाल्गुनात एक दिवस नाटकाचा शेवटचा अंक पुन्हा करायचा आणि राहिलेली हाक मारायची, असे ठरले.

त्याच आठवड्यात दुसरेही एक घडले होते. बंदरावरून कापड विकायला येणारे एक मुसलमान गृहस्थ दादाच्या होडीचे जुने उतारू. वडिलांच्या वेळेपासून त्यांचे आमच्याकडे जाणे-येणे होते. ते पडवीत दादाजवळ बराच वेळ बसले. मग बाहेर येऊन आईला म्हणाले की त्यांच्या थोरल्या बहिणीचे असेच झाले होते, तेही आधी महिनाभर गाणी म्हणून आणि घरातली भांडी वाटून टाकून. कोल्हापूरला एक डॉक्टर आहेत, त्यांच्या गोळ्यांनी ती पुन्हा घरात वावरू लागली. त्यांनी पत्ता दिला. आईने तो मला नीट ठेवायला सांगितला. पण कौल मिळाल्यावर कोल्हापूर मागे पडले. आईला काय पाहिजे होते ते स्पष्ट होते: दादा परत यावा. कोणाच्या हातून, याचा तिला हट्ट नव्हता.

तो अंक झाला तो भर दुपारी. रंग नव्हता, पडदे नव्हते. प्रधान लुंगीवर आला होता. राणीचे काम करणाऱ्याने शर्टावरून लुगडे गुंडाळले होते, आणि एरवी कोणी त्याला हसले असते, पण त्या दिवशी कोणी हसले नाही. दादाला दोघांनी धरून आणला. दाढी वाढलेली, अंगात घरचाच सदरा. त्याच्या हातात तलवार दिली. त्याने ती राणीच्या पायांशी ठेवली आणि एक शब्दही न बोलता देवळाला वळसा घालून चालू लागला. राजाचे ते चालणे मी इतकी वर्षे पाहिले होते. वडील त्या वेळी मान ताठ ठेवीत. दादा नुसता चालत गेला, दुपारी माणूस न्हाणीघराकडे जातो तसा. मी देवळाच्या कोपऱ्याशी उभा राहून त्याच्यावर नजर ठेवली होती. तो पाण्याशी जाऊन उभा राहिला. भरती होती.

म्हाताऱ्याने पायरीवरून हाक मारली. हाक संपते न संपते तोच ओ आली. चांगली, खणखणीत. नारळ फुटला. आई रडत होती आणि येईल त्याच्या हातावर साखर ठेवत होती. दादा परत आला, त्याने म्हाताऱ्याच्या पाया पडून नारळाचा तुकडा तोंडात टाकला. त्या दिवशी तो घरी जेवलासुद्धा. कोल्हापूरला जायचे कोणी बोलले नाही.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळच्या आधी तो उठून खाडीवर गेला. बरे वाटू लागले म्हणून आई खूश झाली, पण मला म्हणाली, जा, नुसता बरोबर बस. आम्ही होडीच्या कडेला बसलो. पुलाच्या खांबांवर कामगार ओरडून बोलत होते. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो की त्या दिवशी तुझी ओ फार छान आली. दादाने पाण्यावरची नजर काढली नाही.

"अरे, हाक मारल्यानी म्हणान ओ दिलंय," तो म्हणाला. "तेंका बरा वाटात म्हणान. पण हाक आयकाक मी थंय नाय होतंय."

मी विचारले, मग तू कुठे होतास? त्यावर त्याने पाण्याकडे बोट केले आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. काही वेळाने तो असेही म्हणाला की ओ दिली नसती तर मी गेलो असतो, पण देवळाकडून निघताना आईच्या हातात साखरेची वाटी दिसली होती.

मी त्याला घरी आणले. त्याचा हात सोडला नाही. तो झोपल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे आईला सांगितले. तिने ते दोनदा सांगायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हाताऱ्याच्या घरी गेली आणि मला बरोबर नेले. आत न जाता अंगणातूनच बोलली, दादाला आणायला आता आपणच जाणार म्हणून.

"देवान हाक मारूक सांगल्यान, ती तुमी मारलास. पण माझो झील अजून थंयच उभो आसा. आता मी माझ्या पायान जावन तेका हाडतंय."

देवाचा कौल ओलांडून बाईमाणूस जाते म्हणून म्हातारा चिडेल असे मला वाटले होते. तो म्हणाला, "जा. हाडल्यार माका सांग."

कोल्हापूरला जाताना एस.टी. तळेऱ्याला बराच वेळ थांबली. सगळे चहाला उतरले. दादा खिडकीला डोके लावून बसला होता आणि आई त्याच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून होती. ती त्याला सोडायला तयार नव्हती, म्हणून मी तिचा चहा वर आणून दिला. वैभववाडीनंतर घाट लागला. वळणावर दादाचे डोके हलले की आई ते आपल्या खांद्यावर घेई आणि तो लहान मुलासारखा घेऊ देई.

डॉक्टरांनी घाई केली नाही. काय बिघडले असे न विचारता, त्याआधीचे दिवस कसे होते असे विचारले. झोप, पैसे, बोलणे. मी सांगू लागलो आणि सांगताना मला कळले की मी दादाचे नाही, नाटकातल्या राजाचे सांगतो आहे. एकातले दुसऱ्यात आपोआप जात होते. ओशाळून मी तसे कबूल केले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि नाटकही सांगायला लावले, अंकाअंकाने. ऐकून म्हणाले, "तुमच्या मास्तरांनी असा माणूस जवळून पाहिलेला असणार."

मग त्यांनी घरात पूर्वी कोणाला असा आजार होता का ते विचारले. मी नाही म्हणणार होतो. आई म्हणाली, "होतो."

त्या खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदा ते बोलत होती. माझ्या आजोबांचे एक थोरले भाऊ होते. तरीवर तेच असत. कधी रात्रंदिवस होडी चालवीत, कधी महिनोन् महिने निजून राहत. एक दिवस भर भरतीच्या वेळी ते खाडीत चालत गेले. काठावर माणसे होती, पण त्यांना वाटले हा नेहमीसारखा होडी सोडायला चालला आहे, आणि कोणी हाक मारली नाही. आईला हे तिच्या सासूने एकदाच सांगितले होते आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावले होते. त्या काळात शाळेवरचे मास्तर बिऱ्हाडाला आमच्याच पडवीत राहत.

हे असेच घडले असेल असे मी ठामपणे सांगू शकत नाही. सांगणारे कोणी उरलेले नाही. पण परतीच्या गाडीत मी तोच विचार करत होतो. गावाला वाटत होते की राजामुळे आमच्या घराला हे लागले. कदाचित आमच्या घरात हे होते, म्हणून तो राजा झाला. आणि मास्तरांनी की त्या वेळच्या गावकऱ्यांनी कोण जाणे, पण कोणीतरी त्या राजाच्या पाठीमागे एक हाक ठेवून दिली, कारण खरी हाक मारायची राहून गेली होती.

दादाला गोळ्या लागू पडल्या, पण हळूहळू, आणि त्यांनी काही घेतलेही. त्याचे हात कापू लागले. अंग सुटले. बांबू धरून होडी सरळ ठेवणे त्याला जमेना. पुढच्या जत्रेआधी गावकरी राजाचा मान विचारायला आले, दादाला नाही तर धाकट्याला द्या म्हणाले. आईने मान सोडला. तो दुसऱ्या कोणा घराने घेतला नाही, आणि ते नाटक गावात पुन्हा झाले नाही. लोकांनी आम्हाला तोंडावर काही म्हटले नाही, पण जत्रेत आमच्याजवळ बसणारी माणसे कमी झाली, हे खरे.

परीक्षेआधी मी प्राध्यापकांना सगळे सांगितले होते. नायकाचा दोष सांगताना तो आजारी असू शकतो असे लिहिले तर चालेल का, असे विचारले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहत ऐकले. "परीक्षेत नको लिहूस," ते म्हणाले, "पण विसरूही नकोस." आता मीही शिकवतो. नायकाने असे का केले, तसे का नाही केले, असे मुले विचारतात तेव्हा मी आधी विचारतो की हा माणूस शेवटचा नीट कधी झोपला होता, ते नाटकात शोधा. मुलांना ते थोडे विचित्र वाटते.

गोळ्या सुरू होऊन बरेच महिने झाल्यावर आईने म्हाताऱ्याला निरोप पाठवला होता. तो काठी टेकत आला. दादा मागीलदारी माडाखाली बसलेला होता. म्हाताऱ्याने अंगणातूनच त्याला घरच्या नावाने हाक मारली. काहीच आले नाही. आईने मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितले. आम्ही तिघे तसेच उभे राहिलो, इतका वेळ की कोंबड्या पुन्हा पायांशी येऊन टिपू लागल्या. मग मागून आवाज आला. बारीक, घसा न खाकरता दिलेली ओ. म्हातारा पायरीवर बसला आणि त्याने डोळे पुसले. नारळ कोणी आणला नव्हता.

दादाचे ते दिवस त्यानंतरही येत राहिले, गोळ्या असूनही. पूल झाला, तर बंद पडली. पलीकडून आता कोणी ओरडत नाही. मी सुट्टीत घरी जातो तेव्हा संध्याकाळी दादा जुन्या तरीच्या धक्क्यावर जाऊन बसलेला असतो, खांबांकडे पाहत. जेवणाची वेळ झाली की मी अंगणाच्या कडेला जाऊन त्याला हाक मारतो. लगेच ओ आली तर मी धावत खाली जातो. बहुतेक दिवशी ती लगेच येत नाही. मी दुसरी हाक मारत नाही, उभा राहतो. त्याला यायला जेवढा वेळ लागतो तेवढा.